तुंदिल: सूज नव्हे, पोट

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका प्रवासलेखात ‘गोरखचिंचेच्या तुंदिल खोडाला टेकून आम्ही डबे उघडले’ असे वाक्य प्रश्नकर्त्यांच्या वाचनात आले. तुंदिल म्हणजे ‘फुगलेला’ एवढाच अर्थ घ्यायचा का, हा शब्द कोठून आला, ‘वक्रतुंड’ या नावातल्या तुंडाशी त्याचे काही नाते आहे का, आणि माणसाच्या देहासाठी वापरायचा शब्द झाडाच्या खोडाला लावणे योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे. माझे आयुष्य मुद्रिते तपासण्यात आणि शब्दांच्या नोंदी करण्यात गेले, आणि त्यात या शब्दाशी माझी बऱ्याचदा गाठ पडली आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आधी अर्थ. तुंद म्हणजे पोट, विशेषतः पुढे आलेले पोट. आणि तुंदिल म्हणजे असे पोट असलेला. येथे ‘फुगलेला’ हा अर्थ जवळचा वाटतो, पण तो नेमका नाही. ‘फुगलेला’ या शब्दात एक क्रिया दडलेली आहे: काहीतरी आधी सपाट होते, मग त्यात हवा, पाणी किंवा रोग शिरला आणि ते फुगले. तुंदिल या शब्दात अशी कोणतीही क्रिया नाही. तो केवळ आकार सांगतो, आणि तोही एका ठरावीक घडणीचा: वर निमुळते, मध्ये पुढे झेपावलेले, खाली पुन्हा आवळलेले. त्यामुळे सुजलेला पाय तुंदिल होत नाही, गालगुंडाने सुजलेला गालही होत नाही. त्यांच्यासाठी वैद्यकाने शोथ, शोफ, श्वयथु असे स्वतंत्र शब्द ठेवले आहेत, आणि पोटात पाणी साचण्याच्या विकारालाही जलोदर म्हटले आहे, तुंद म्हटलेले नाही. तुंदिल माणूस आजारी असतोच असे नाही. बहुतेक वेळा तो चांगला खाऊनपिऊन सुखी असतो.

हा भेद माझ्या पदरचा नाही, तो शब्दाच्या घडणीतच आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘तुन्दादिभ्य इलच्च’ (५.२.११७) असे सूत्र आहे. तुंद आदी शब्दांना ‘ते ज्याच्याजवळ आहे’ या अर्थाने इलच् प्रत्यय लागतो, असा त्याचा आशय. सूत्रातल्या ‘च’मुळे दुसरे प्रत्ययही चालतात, म्हणून तुंदिलच्या बरोबरीने तुंदी, तुंदिक आणि तुंदवान् अशी रूपेही सिद्ध होतात. हाच ‘इल’ आपल्याला मराठीत रोज भेटतो. फेस असलेले ते फेनिल, पंक म्हणजे चिखल असलेले ते पंकिल, जटा असलेला तो जटिल. जटिल प्रश्न म्हणजे ज्याच्या जटा झाल्या आहेत असा प्रश्न, हे एकदा ध्यानात आले की तुंदिलची उकल वेगळी करावी लागत नाही.

येथे एक चाणाक्ष शंका येऊ शकते, आणि ती जुन्या वैयाकरणांनाही आली होती. पोट तर प्रत्येकालाच असते. मग ‘पोट असलेला’ या विशेषणाने काय वेगळे सांगितले? याचे उत्तर ‘असणे’ या अर्थाच्या प्रत्ययांच्या एका प्रसिद्ध कारिकेत, म्हणजे नियम सांगणाऱ्या श्लोकात, मिळते. हे प्रत्यय नुसते असणे सांगत नाहीत. ते विपुलता, निंदा, प्रशंसा, नित्य संबंध, अतिशय आणि संसर्ग अशा छटांनी वापरले जातात. यातल्या ‘अतिशय’ या छटेसाठी परंपरेने दिलेले उदाहरण आहे ‘उदरिणी कन्या’. उदर सगळ्याच मुलींना असते. हिचे डोळ्यांत भरण्याइतके आहे, म्हणून ती उदरिणी. मराठीत आपण ‘त्याला पोट आहे हो’ असे हलक्या आवाजात म्हणतो, तेव्हा नेमके हेच व्याकरण आपल्या तोंडी असते. ‘तिला जीभ आहे’, ‘त्याला नाक आहे’ ही वाक्येही याच जातीची. तुंदादी शब्दांच्या यादीतच ‘स्वाङ्गाद्विवृद्धौ’ असा एक उल्लेख आहे, म्हणजे शरीराचा अवयव वाढलेला असेल तर त्या अवयवाच्या नावालाही हा प्रत्यय लावावा. मोठ्या कानांचा तो कर्णिल. हा शब्द मराठीत रुळला नाही याची मला खरोखर हळहळ वाटते.

अमरकोशाच्या मनुष्यवर्गात तुंदिलचे सगेसोयरे एकत्र बसवले आहेत: तुंदिल, तुंदिभ, तुंदी, बृहत्कुक्षी, पिचंडिल. यातला पिचंड म्हणजेही पोटच. त्याच कोशात पोटासाठी पिचंड, कुक्षी, जठर, उदर आणि तुंद हे शब्द ओळीने येतात. म्हणजे शब्दसंपत्ती भरपूर होती. मराठीने त्यातले उदर आणि जठर वैद्यकासाठी घेतले, कुक्षी ‘कूस’ होऊन घरात आली, पिचंड विस्मरणात गेला आणि तुंदिल तेवढा साहित्यात उरला.

तुंद या शब्दाचा सर्वांत गमतीचा वापर मात्र वेगळ्याच सूत्रात आहे. ‘तुन्दशोकयोः परिमृजापनुदोः’ (३.२.५) या सूत्राने ‘तुंदपरिमृज’ असा शब्द तयार होतो, शब्दशः अर्थ, पोटावरून हात फिरवणारा. त्यावरच्या वार्तिकात, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पूरक टिपणात, स्पष्ट केले आहे की हे रूप आळशी या अर्थीच घ्यावे. कोणी खरोखरच पोट चोळत असेल, तर त्याला तुंदपरिमार्ज म्हणावे. एका मात्रेच्या फरकाने काम आणि कामचुकारपणा वेगळे करणारे हे व्याकरण मला फार माणुसकीचे वाटते. जेवण उरकून, ओसरीवर टेकून, डोळे अर्धे मिटून ढेरीवरून हात फिरवणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तुंदपरिमृज या शब्दाचे भाषांतर लागू नये. अमरकोशानेही हा शब्द आळशी माणसाच्या पर्यायांत घेतला आहे.

आता वक्रतुंडाकडे वळू. येथे घोटाळा होण्याचे पहिले कारण आपली लिपी आहे. तुंद आणि तुंड हे दोन्ही शब्द आपण अनुस्वाराने लिहितो, त्यामुळे डोळ्यांना ते जुळे दिसतात. उच्चारात मात्र पहिल्यात न् आहे आणि दुसऱ्यात ण्: तुन्द, तुण्ड. तुंद म्हणजे पोट. तुंड म्हणजे तोंड, चोच, मुस्कट, सोंड. मराठीतले ‘तोंड’ थेट या तुंडापासून आले आहे. म्हणून वक्रतुंड म्हणजे वळलेल्या सोंडेचा, वाकड्या तोंडाचा. त्याचा पोटाशी काही संबंध नाही. गणपतीच्या पोटासाठी स्वतंत्र नाव आहे, लंबोदर. संकटनाशन स्तोत्रातल्या बारा नावांत वक्रतुंड पहिले आणि लंबोदर पाचवे येते. एकाच यादीत दोन्ही आहेत, यावरूनच ती दोन वेगळ्या अवयवांची नावे आहेत हे उघड होते.

आमच्याकडे एकदा एका मंडळाच्या उत्सवाची निमंत्रणपत्रिका छपाईपूर्वी नजरेखालून घालण्यासाठी आली होती. पहिल्याच ओळीत ठळक टंकात ‘वक्रतुंद महाकाय’ असे जुळवले होते. मी ‘द’भोवती लाल गोल केला. कार्यकर्ता म्हणाला, “अहो सर, एका अक्षराने काय होतंय, बाप्पाला पोट आहेच की.” मी त्याला सांगितले की पोट आहे, पण तुम्ही ते वाकडे केले आहे. तो हसला आणि दुरुस्ती मान्य करून गेला. छापून आलेल्या पत्रिकेत वक्रतुंड बरोबर होते; मात्र दुसऱ्या ओळीतल्या ‘निर्विघ्नं’वरचा अनुस्वार गळाला होता. मुद्रितशोधकाच्या धंद्यात समाधान हे असे हप्त्याहप्त्यानेच मिळते.

तथापि कार्यकर्त्याला पूर्ण दोष देता येत नाही, कारण या दोन शब्दांची सरमिसळ जुनीच आहे. पाणिनीच्या दुसऱ्या एका सूत्राने (५.२.१३९) तुंदिभ असा शब्द होतो. तेथे ‘तुंदि’ म्हणजे वाढलेली, बाहेर आलेली बेंबी, असे टीकाकार सांगतात, आणि हा शब्द ‘द’ने नव्हे तर ‘ड’ने, म्हणजे तुंडि असा वाचावा, असेही मत परंपरेत नोंदलेले आहे. त्यामुळे संस्कृतात तुंडिल हा शब्दही आहे आणि त्याचा अर्थ बेंबी वर आलेला असा होतो. पोट आणि बेंबी ही शेजारशेजारची घरे. पत्रे एकमेकांकडे जात राहिली तर नवल नाही. मराठीत लिहिताना मात्र ढेरीसाठी तुंदिल हेच रूप ठेवावे.

हे दोन शब्द वेगळे ठेवण्यासाठी मी विद्यार्थ्यांपुढे एक माठ ठेवत असे. कुंभारापासून पाणी भरणाऱ्या घरच्या बाईपर्यंत सगळेच मडक्याच्या भागांना शरीराची नावे देतात: तोंड, गळा, पोट, बूड. मडके चाकावरून उतरते तेव्हा त्याचे पोट लहान आणि भिंत जाड असते. मग कुंभार एका हाताने आतून गुळगुळीत गोळ्याचा आधार देतो आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी थापीने ठोकत, मडके फिरवत फिरवत भिंत पातळ करत नेतो. ठोक्यागणिक पोट बाहेर येत जाते, गळा आणि तोंड मात्र होते तसेच राहतात. पाहता पाहता मडक्याचे तुंद वाढते आणि तुंड तेवढेच उरते. असे एकदा जवळून पाहिले की ‘द’ आणि ‘ड’ यांची अदलाबदल पुन्हा होत नाही. शिवाय तुंदिल आकार म्हणजे काय, तेही बोटाने दाखवता येते: गळ्याखाली फाकत जाणारी आणि बुडाशी पुन्हा आत वळणारी ती रेषा.

तुंद हा शब्द मराठीत तत्सम रूपानेच राहिला असे समजू नये. ढेरीसाठी जुन्या मराठीत ‘दोंद’ असा शब्द आहे आणि तो याच कुळातला आहे. हिंदीत तो ‘तोंद’ म्हणून रोजच्या बोलण्यात आहे, तमिळमध्ये ढेरीला ‘तोंदि’ म्हणतात. मराठीत दोंद पाहायचा तर दासबोधाच्या पहिल्या दशकातले गणेशस्तवन उघडावे. तेथे समर्थ गणपतीच्या नृत्याचे वर्णन करताना ‘लवथवित मलपे दोंद’ असे म्हणतात, आणि त्या दोंदावर बांधलेल्या नागालाही ‘दोंदिचा फणिवर’ म्हणतात. हे पोट नुसते मोठे नाही, ते हलते, डुलते, त्याला वजन आहे. त्याउलट ज्ञानेश्वरीच्या आरंभी ओंकाररूप गणेशाचे अवयव सांगताना ‘उकार उदर विशाल’ असे येते. तेथे पोट हे विश्वाचे प्रतीक आहे, त्यामुळे ‘उदर’ हा गंभीर शब्दच शोभतो. दोंद तेथे चालला नसता. एकाच देवाचे एकच पोट, पण एका ठिकाणी ते चिंतनाचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाचणारे. शब्दाची निवड कशी करावी हे शिकवण्यासाठी मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही.

लेखनाबद्दल दोन शब्द. तुंदिल तत्सम आहे, म्हणून जटिल आणि कुटिल यांच्याप्रमाणे त्यातला ‘दि’ ऱ्हस्वच लिहावा. ‘तुंदील’ हे रूप चुकीचे. दोंदापासून झालेले दोंदील हे विशेषण मात्र मराठी वळणाचे, त्यामुळे त्यात ‘दी’ दीर्घ. ‘तुंदिलतनू’ हा समास एक शब्द म्हणून लिहावा आणि शेवटचा ‘नू’ मराठीच्या नियमाप्रमाणे दीर्घ ठेवावा. संस्कृत वचन उद्धृत करत असाल तर अर्थातच ऱ्हस्व. फारसीतला ‘तुंद’, म्हणजे तीव्र किंवा वेगवान, हा निराळा शब्द आहे. आणि भोपळ्याच्या ‘तुंब्या’तला तुंबही निराळा. तंबोऱ्याच्या भोपळ्याला तुंदिल म्हणायला माझी हरकत नाही, पण म्हणून तुंबा तुंदावरून आला असे सांगू नये.

वापराच्या बाबतीत मात्र थोडे थांबायला हवे, कारण मराठीत फुगीर आकारांसाठी शब्दांची इतकी समृद्धी आहे की तुंदिल कोठे बसतो हे शेजाऱ्यांवरूनच कळते. पुरी टम्म फुगते: आत वाफ कोंडलेली, वरचा पापुद्रा ताणलेला. काट्याने टोचले की संपले. टम्म या शब्दात तो ताण आहे, तुंदिलमध्ये नाही, म्हणून पुरीला तुंदिल म्हणणे हास्यास्पद ठरेल. मोगऱ्याची कळी, ज्वारीचा दाणा, पावसाचा थेंब टपोरा असतो. त्यात भरलेपणाबरोबर छोटेपणा आणि तजेला आहे. बाळाचे गाल गुबगुबीत असतात, कारण ते दाबून पाहावेसे वाटतात. उशी फुगीर असते. पोट तट्ट होते ते जेवणाच्या पंगतीत, आणि ते दुसऱ्या दिवशी ओसरते. तुंदिलपण ओसरत नाही. तो त्या वस्तूचा स्थायी बांधा असतो. ढेरपोट्या हा शब्द अर्थाने तुंदिलच्या अगदी लगत आहे, पण त्यात हिणवणे आहे. तुंदिलतनू म्हटले की तेच पोट संस्कृतचे उपरणे पांघरून येते; ऐकणाऱ्याला राग यावा की मान वाटावा हे कळत नाही, आणि विनोदी लेखकांना हा शब्द आवडतो तो त्या संभ्रमासाठीच. त्यामुळे गंभीर लेखनात हा शब्द माणसासाठी वापरताना जपावे. मृत्युलेखात तर वापरूच नये. मी एकदा तो शेवटच्या क्षणी काढला आहे.

वस्तू आणि शिल्प यांच्या वर्णनात मात्र तो निःशंक वापरावा, किंबहुना तेथेच तो सर्वांत उपयोगी आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला यक्ष, जो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, तो आठवून पाहावा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा हा ठेंगणा यक्ष दोन्ही हात वर करून डोक्यावर पसरट भांडे तोलून उभा आहे, चेहऱ्यावर मनमोकळे हसू आहे, आणि मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचा लेख तिच्यावर कोरलेला आहे. या यक्षाला ‘जाडा’ म्हटले तर काहीच सांगितले जात नाही, ‘फुगलेला’ म्हटले तर चुकीचे सांगितले जाते. तुंदिल म्हटले की त्याच्या आखूड देहात पोटच मुख्य आहे आणि ते भाराने दबलेले नाही, हे दोन्ही एका शब्दात येते. यक्ष धनाचे राखणदार, त्यांचा राजा कुबेर. त्यांच्या पोटात समृद्धी दाखवण्याची ही रीत अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात हारिती या यक्षीशेजारी बसलेल्या पांचिक यक्षापर्यंत चालत आलेली दिसते.

खांबांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांच्या तळाशी घट आहेत. त्यांना घटाकृती म्हणणेच योग्य, कारण शिल्पकाराने तेथे खरोखरचा घट कोरला आहे. घारापुरीच्या खांबांवरचा शिरोभाग दाबलेल्या उशीसारखा आहे. तोही तुंदिल नव्हे, कारण त्याला फुगवटा असला तरी तो चहूबाजूंनी सारखा चपटा झालेला आहे, पोटासारखा लोंबत नाही.

आता मूळ वाक्य. गोरखचिंच हे मूळचे आफ्रिकेतले झाड. त्याचे लाकूड मऊ, स्पंजासारखे असते आणि ते खोडात पाणी साठवते. वयात आलेल्या झाडाचे खोड अवाढव्य होते, पण सगळ्या गोरखचिंचांचे खोड एका आकाराचे नसते. काही झाडांचे खोड जमिनीलगत सर्वांत रुंद असते आणि वर निमुळते होत जाते. त्याला ‘बुंध्याशी रुंद’ किंवा नुसते ‘प्रचंड’ म्हणावे, तुंदिल म्हणू नये. काहींचे खोड मात्र जमिनीशी किंचित आवळलेले, मध्ये फुगलेले आणि फांद्या फुटण्याआधी पुन्हा आवळलेले असते, अगदी बाटलीसारखे. अशा खोडाला तुंदिल म्हणणे बिनचूक आहे. शहरातल्या जुन्या इमारतींपुढे रांगेने लावलेला रॉयल पामही पाहावा. त्याच्या राखाडी, गुळगुळीत खोडाला मध्यावर हलकासा फुगवटा असतो. त्याला तुंदिल म्हटले तर जरा अतिशयोक्ती होईल, पण चूक होणार नाही.

लेखक महोदयांनी डबे उघडले ते कोणत्या घडणीच्या गोरखचिंचेखाली, हे वाक्यावरून कळत नाही. त्यांच्याजवळ त्या झाडाचे छायाचित्र असेल तर ते पाहावे: खोडाची सर्वांत रुंद जागा बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर येत असेल तर शब्द राहू द्यावा, माणूस जेथे टेकला आहे तेथेच असेल तर ‘रुंद खोडाला टेकून’ एवढे पुरे. राहू दिलाच, तर मुद्रितात ‘तुंडिल’ छापले जाणार नाही याची तेवढी खात्री करावी, नाहीतर झाडाला बेंबी येईल.